आबा, हार आणि माझं प्रोटीन

माझा पीएचडीचा प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा गाइड नाही. गाइडना वेळ नसतो. ते आकृत्या बघतात, "हं" म्हणतात आणि मीटिंगला जातात. सगळा प्रबंध ऐकला तो आबांनी, माझ्या वडिलांनी. दर रविवारी, पडवीतल्या खाटेवर बसून, उजवा हात माझ्या हातात देऊन. उठून जायची सोय नव्हती त्यांना, हे खरं.

आबांना लकवा झाला तो उन्हाळ्यात. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सकाळी फुलं तोडून पंचवटीतल्या फुलबाजारात न्यायची आणि उरलेल्यांचे घरी हार करून विकायचे, हे आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. त्या दिवशी आबा मोटर चालू करायला गेले आणि बांधावरच बसले. भावाला वाटलं ऊन लागलं. त्याने पाणी दिलं तर ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून गेलं, तेव्हा तो घाबरला आणि गाडी काढून त्यांना शहरात घेऊन आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पायात पुढे थोडं बळ आलं, आईचा खांदा धरून न्हाणीपर्यंत जायला लागले. हात तसाच राहिला. शब्द एकही आला नाही.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय. समजतंय किती, ते आत्ता नाही सांगता येणार. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

बोलत राहा! आमच्या घरात मला लहानपणापासून रेडिओ म्हणतात. बंद करायचं बटण नसलेला, असंही आई वर जोडते. हे औषध मला जमण्यासारखं होतं. रविवारी सकाळी मी शहरातून स्कूटर काढायची, मळ्यात यायची, आबांच्या खाटेशी बसायची आणि त्यांच्या उजव्या हाताचा व्यायाम सुरू करायची. मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, मनगट फिरवायचं, तळवा चोळायचा, आणि तोंडाने गावातलं काहीबाही सांगत राहायचं. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाची सोयरीक मोडली, बाजारात शेवंती पडली की चढली. पण गावात दर आठवड्याला घडून घडून घडणार किती? लवकरच माझ्याजवळचं सगळं संपलं आणि माझं काम तेवढं उरलं.

माझं काम काय आहे हे आमच्या गावात कुणाला धड माहीत नाही. लोक रक्ताचे रिपोर्ट घेऊन येतात, "ताई, एवढं बघा बरं." आबा ठणठणीत होते तेव्हा ते चार माणसांत सांगायचे, "पोरगी कांद्याच्या किडीवर शिकती." तेही खरं नव्हतं, पण त्यातल्या त्यात जवळचं होतं. मला त्यांना नीट सांगायचं राहूनच गेलं होतं. मग आता सांगायला बसले.

"आबा, कांदाचाळीत कांदा सडतो ना, पाणी सुटतं, वास येतो, तो एक बॅक्टेरिया सडवतो. कांद्याची भिंत विरघळवायची हत्यारं तो तयार करू शकतो. पण उठसूट करत नाही. फुकटची मेहनत कोण करेल? ती हत्यारं कशी करायची ते त्याच्या डीएनएवर लिहिलेलं असतं, आणि त्या लिखाणाच्या तोंडाशी एक प्रोटीन ठाण मांडून बसलेलं असतं. ते बसलंय तोवर पुढचं वाचलं जात नाही. कांद्याच्या भिंतीचा एखादा बारीक तुकडा बॅक्टेरियाच्या पोटात आला, की तो त्या प्रोटीनला चिकटतो, प्रोटीनचा आकार जरासा बदलतो आणि त्याची पकड सुटते. मग काय, सगळी चाळ सडली! मी त्या प्रोटीनची पकड बघते, आबा. एवढ्या लांबलचक डीएनएवर त्याला आपली जागा ओळखू कशी येते, आणि तिथे ते धरतं कसं, एवढंच माझं काम."

आबांनी मान डोलावली. हो.

मी उडालेच. "आई! आबांना कळलं! आबांना माझं प्रोटीन कळलं!"

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "अगं, मघाशी त्यांनी मांजरालाबी मान डोलावली."

मला राग आला, पण आई उगीच बोलत नाही. पुढच्या रविवारी मी परीक्षा घेतली. "आबा, मी तुमची मुलगी ना?" मान डोलली. "आपला मळा मखमलाबादच्या पुढे ना?" डोलली. मी श्वास घेतला आणि विचारलं, "आबा, मी तुमची सासू ना?" आबांनी माझ्याकडे प्रेमाने बघत मान डोलावली.

मी हसले. हसता हसता उठून मागच्या दारी गेले आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

खरं सांगायचं तर मला हातापायाची एवढी पडलेली नव्हती. माणसं खाटेवर बसूनही सुखाने जगतात. मला एवढंच हवं होतं की आबा आत असावेत. आम्ही बोलतो ते आत कुणापर्यंत तरी पोचतंय, एवढं कळावं. बघायला येणारे लोक हळूहळू त्यांच्या डोक्यावरून बोलायला लागले होते. "जेवतात का?" असं त्यांच्यासमोर बसून आईला विचारायचे. भाऊसुद्धा, जीव लावणारा माझा भाऊ, मळ्यातलं काही आता त्यांना सांगेनासा झाला होता. आणि आईने तर त्यांच्याशी बोलणंच सोडलं. न्हाऊ घालायची, भरवायची, पांघरूण सारखं करायची, सगळं हाताने. तोंडाने काही नाही. मी एकदा भांडले तिच्याशी.

"तू का नाही बोलत त्यांच्याशी?"

"काय बोलू? सगळ्याला हो म्हणत्यात. जन्मभर माझ्या एका शब्दाला हो म्हणाले नाय. हे हो मला सोसत नाय, बाई."



गंमत अशी की त्याच दिवसांत प्रयोगशाळेत माझं प्रोटीनही सगळ्याला हो म्हणत होतं. हे जरा समजावून सांगते. डीएनएच्या अंगावर सगळीकडे ऋण भार असतो आणि डीएनए धरणाऱ्या प्रोटीनच्या तळव्यावर धन भार. त्यामुळे असलं प्रोटीन कुठल्याही डीएनएला हलकंच चिकटतं. त्यात काही विशेष नाही. ते तसंच चिकटत, घसरत, सुटत, पुन्हा चिकटत डीएनएवरून पुढे जातं आणि जाता जाता चाचपत असतं. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. तिची अक्षरं आतल्या पायऱ्यांवर असतात, पण पिळाच्या मधल्या घळीत त्या पायऱ्यांच्या कडा बाहेर डोकावतात. प्रोटीन शिडी उघडत नाही. आपला बोटासारखा एक भाग त्या घळीत घालतं आणि कडा लागतात कशा ते बघतं. नाही जुळल्या की पुढे. जुळल्या की मात्र एकाच्या जागी कितीतरी बारीक बंध लागतात, प्रोटीन थोडं वळतं, डीएनएही त्याच्यासाठी थोडा वाकतो, आणि मग ते तिथे बसतं. ओळख झाली म्हणायचं ते तेव्हा.

आम्ही ही ओळख तपासतो ती जेलमध्ये. जेल म्हणजे पातळशी जेलीची वडी. तिच्यातून विजेच्या जोरावर डीएनए पळवायचा. एकटा असला की तो सुळकन पुढे जातो, अंगावर प्रोटीन बसलं असलं की जड होऊन मागे रेंगाळतो. माझ्या जेलमध्ये सगळाच डीएनए मागे रेंगाळत होता. त्याची खरी जागा असलेला तुकडाही, आणि काही संबंध नसलेला तुकडाही. गाइड म्हणाले, "चिकटतंय म्हणजे ओळखतंय असं नाही. मीठ वाढवा. परका डीएनए घाला."

परका डीएनए म्हणजे माशाचा. तो बाटलीत विकत मिळतो. (आईला हे मी सांगितलेलं नाही. माळकरी बाई आहे, मला अंगणातच अंघोळ घातली असती.) तो भरपूर घातला की प्रोटीनची वरवरची चिकटाचिकटी त्याच्यावर खर्च होते, मिठाने भाराची ओढ कमी होते, आणि मग जे धरून राहतं ती खरी पकड. मीठ आणि मासा घातल्यावर माझ्या प्रोटीननेही परका तुकडा सोडला आणि आपला तेवढा धरून ठेवला. मी जेलपुढे उभी होते आणि मला आबांची मान आठवत होती. त्यांची खरी पकड कुठे असेल, असेल का, आणि ती बघायला मी काय घालू, हे मला कळत नव्हतं.

मग दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या रविवारी आमची पडवी म्हणजे फुलांचं खळं. झेंडूचे ढीग, एका बाजूला शेवंती, पाटीत गुलाब, आणि मधून वाट काढत चालायचं. आई आणि वहिनी समोरासमोर बसून हार ओवत होत्या. आमच्याकडे हार मधून सुरू करतात. लांब दोरा घ्यायचा, दोन्ही टोकांना दोन सुया, मधे गोंडा बांधायचा आणि दोघींनी दोन बाजूंना एकाच वेळी ओवत जायचं. एकीने पिवळा घेतला की दुसरीने पिवळा, एकीने पांढरी की दुसरीने पांढरी. गळ्यात घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. आबा धडधाकट असताना गिऱ्हाइकाला हार देण्याआधी गोंड्यापासून दोन हात दोन्ही बाजूंना सरकवत वरपर्यंत न्यायचे. डोळे गिऱ्हाइकाकडे, गप्पा चालू, हात सरकतायत. बाजू जुळल्या की हार पुडीत.

मी आबांच्या खाटेशी बसले होते आणि नेहमीसारखी बडबडत होते. म्हटलं, आज तुम्हाला प्रोटीनची जागाच दाखवते. डीएनएच्या चार अक्षरांना चार फुलं घेतली: पिवळा झेंडू, केशरी झेंडू, पांढरी शेवंती, लाल गुलाब. आमच्या प्रोटीनचे दोन सारखे अर्धे भाग असतात, जोडीने बसणारे. म्हणून त्याची डीएनएवरची जागाही दोन अर्ध्यांची असते, मधून दोन्हीकडे जुळत जाणारी. डीएनएत दोन सर असतात. एका सरावर डावीकडून जे वाचाल ते दुसऱ्या सरावर उजवीकडून वाचता येतं, तसलं ते जुळणं. एकाच सराचा हार करून मी थोडी लबाडी केली, पण वडिलांना शिकवताना एवढी चालते. माझ्या हातचा हार, त्यामुळे फुलं काही घट्ट तर काही सैल बसली. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती.

एक गोष्ट मी मुद्दाम केली. निसर्गात ही जागा पुरती जुळलेली क्वचितच असते. माझ्या बॅक्टेरियात त्या हत्यारांच्या जीनपाशी दोन अर्ध्यांत एक अक्षर जुळत नाही. मी तेही प्रामाणिकपणे ओवलं. डाव्या बाजूला जिथे पिवळा झेंडू, तिथे उजव्या बाजूला पांढरी शेवंती.

हार आबांच्या मांडीवर आडवा ठेवला, गोंडा मधे. त्यांचा डावा हात डाव्या बाजूवर ठेवला. उजवा हात मी माझ्या हातात धरला, त्याची बोटं उघडली आणि उजव्या बाजूवर ठेवली. फुलं हाताला लागली तर बरंच, व्यायामही होईल.

"हं, आता तुम्ही प्रोटीन. दोन अर्धे, दोन हात. आता घसरायचं. इथे काही नाही, पुढे. इथेही नाही, पुढे. बघा, प्रोटीन वाचत नाही आबा, नुसतं चाचपतं..."

डावा हात आपण होऊन सरकत होता. सवयीने असेल. उजवा मी सरकवत होते, माझ्या बडबडीच्या वेगाने. डावा थांबला. मी पुढे निघाले होते.

"चला आबा, अजून आहे पुढे."

हात हलेना. मी त्यांचं डावं मनगट धरून हळूच ओढलं. त्यांनी ते माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि पुन्हा त्याच फुलावर ठेवलं. पिवळा झेंडू. मग त्यांनी मान वळवून उजव्या बाजूकडे बघितलं. उजव्या बाजूकडे ते सहसा बघत नसत. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, एकदा नुसतेच, आणि मग जाड, ओढलेल्या, पण त्यांच्याच आवाजात शब्द आला.

"चुकलं."

वहिनीची सुई थांबली. आईने फूल हातात तसंच धरलं होतं.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

मला बोलताच येईना. मला, रेडिओला.

"चुकलं," आबा पुन्हा म्हणाले. यावेळी जरा रागाने, दोनदा सांगावं लागल्यासारखं.

आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्याशी वाद घातला. मला वाटतं आनंदाने माणसाचं डोकं चालत नाही. "चुकलं नाही आबा! ते तसंच असतं! पुरतं जुळलं तर पकड फार घट्ट होते, मग सोडायची पंचाईत. जरासं न जुळणारं असतं म्हणून वेळ आली की ते सुटतं. माझ्या बॅक्टेरियात तिथे शेवंतीच आहे!"

आबांनी मान हलवली. डोलावली नाही, आडवी हलवली. नाही. चार महिन्यांचं सगळं हो, मांजराला, मला, माझ्या सासूपणाला, आणि आता हे स्वच्छ, ठाम, हट्टी नाही.

आई फुलांच्या ढिगातून वाट न काढता सरळ झेंडू तुडवत आली. आमच्या घरात फुलं तुडवणं म्हणजे पाप. ती खाटेच्या कडेवर टेकली आणि तिने त्यांना विचारलं. मला नाही, त्यांना.

"अहो, काय चुकलं?"

आबांनी डावा हात उचलून हाराच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि पांढऱ्या शेवंतीवर बोट टेकवलं. "चुकलं."

आईने वाकून दोन्ही बाजू बघितल्या. "बरोबर हे त्यांचं. हिकडं पिवळा, तिकडं शेवंती. उसव गं."

"आई, अगं पण बॅक्टेरियाच्या..."

"बॅक्टेरिया गेला खड्ड्यात. ते चुकलं म्हणत्यात ना? मग उसव!"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज असा होता की घरात पुन्हा भांडायला कुणीतरी मिळालं आहे. आबा तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्या तोंडाचा ओला कोपरा पदराने पुसला आणि म्हणाली, "ह्या पोरीला कधी हार जमलाच नाय. तुम्ही डोक्यावर चढवून ठेवली तिला." आणि मग थांबेचना. मोटरचं काय झालं, शेवंतीवर रोग कसला पडला, थोरल्या नणंदेकडचं लग्न कसं झालं, साठलेलं सगळं ती त्यांना सांगायला लागली. आबा ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी मान डोलावली, एका ठिकाणी नाही.

मी हार मांडीवर ओढला आणि टोकाकडून उसवायला घेतला. एक गुलाब काढला, एक झेंडू काढला, आणि मग मला दोरा दिसेना. मी खाली मान घालून रडत होते, लहान पोरीसारखी, नाक ओढत. कुणी बघणार नाही असं मला वाटलं होतं. आबांनी बघितलं. त्यांनी डावा हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि थोपटत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "चुकलं... चुकलं..." त्यांच्याजवळ अख्ख्या भाषेतला तेवढा एकच शब्द परत आला होता, आणि मला उगी करायला त्यांनी तोच वापरला.